‘त्रेस ओम्ब्रेस’चा रीमास्टर: ड्रम्स छोटे का वाटतात आणि जुनी सीडी ठेवावी का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: झीझी टॉप या तीन जणांच्या अमेरिकन रॉक बँडचा ‘त्रेस ओम्ब्रेस’ हा अल्बम तुम्ही वर्षानुवर्षं जुन्या सीडीवर ऐकलात. आता २००६ची रीमास्टर केलेली सीडी मागवली, आणि पहिल्याच गाण्यात ड्रम्स आक्रसल्यासारखे वाटले. आवाज कोरडा, जवळून आल्यासारखा, भव्यपणा नाही. रीमास्टर करणाऱ्यांनी अल्बम बिघडवला का, सीडी परत करावी का, की सरळ एलपी घ्यावी, असं तुम्ही विचारलं आहे.

परत करू नका. तुमच्या कानांना जाणवलेला फरक खरा आहे, पण तो रीमास्टरिंगमुळे पडलेला नाही. जुन्या सीडीवर तुम्ही जे ऐकत होता ते १९७३चं मूळ मिक्स नव्हतंच. ते १९८७ साली केलेलं रीमिक्स होतं. म्हणजे तुम्ही दोन मास्टरिंगची तुलना करत नसून दोन वेगवेगळ्या मिक्सची करताय, आणि त्यातलं जुनं मिक्स तुमच्याकडे नवीन म्हणून आलंय. हा गुंता सोडवल्याशिवाय रीमास्टर चांगला की वाईट हे ठरवताच येणार नाही.

मिक्स आणि मास्टर हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो. मल्टिट्रॅक टेपवर ड्रम्स, बेस, गिटार, गाणं हे सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतं. त्यातून प्रत्येकाची पातळी, डावी-उजवी जागा आणि त्यावर किती घुमारा (रिव्हर्ब) द्यायचा हे ठरवून दोन चॅनेलची टेप तयार होते. ते मिक्स. त्या दोन चॅनेलच्या टेपवर पुढे सीडीसाठी किंवा एलपीसाठी शेवटचा हात फिरतो: एकूण स्वर थोडा उजळ किंवा गडद करणं, गाण्यागाण्यांतल्या पातळ्या जुळवणं, एकूण आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवणं. ते मास्टरिंग. मास्टरिंगमध्ये स्नेअरवरचा (ड्रम संचातल्या ‘ताड्’ अशा खणखणीत ठोक्याच्या ड्रमवरचा) घुमारा काढून टाकता येत नाही, कारण तोवर तो गिटारच्या आवाजात मिसळून गेलेला असतो. त्यामुळे दोन आवृत्त्यांमध्ये स्नेअरची शेपटीच, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा घुमारा, वेगळी ऐकू आली, की फरक मिक्सचा आहे हे नक्की समजा.

अल्बमचा इतिहास असा. जुलै १९७३मध्ये तो लंडन रेकॉर्ड्सने काढला. निर्माता बिल हॅम. ध्वनिमुद्रण टेक्सासमधल्या टायलर गावच्या रॉबिन हूड स्टुडिओत आणि मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत झालं. मिक्स टेरी मॅनिंग यांचं. लेड झेपेलिनच्या तिसऱ्या अल्बमच्या मिक्सवर काम केलेले हेच मॅनिंग. हा अल्बम अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. मग १९८३मध्ये ‘एलिमिनेटर’ आला, ड्रम मशीन आणि सिंथेसायझरसकट, आणि झीझी टॉप म्हणजे तो आवाज असं समीकरण झालं. १९८७मध्ये जुने सहा अल्बम ‘सिक्स पॅक’ नावाच्या तीन सीडींच्या संचात आले, त्यातले बहुतेक त्याच चवीला धरून नव्याने मिक्स करून. ड्रम्सचा पोत बदलला, सगळीकडे डिजिटल घुमारा आला. सुट्या सीडीवरही तेच रीमिक्स गेलं आणि जवळजवळ २० वर्षं दुकानात दुसरं काही मिळतच नव्हतं. मॅनिंग यांच्या मिक्ससह हा अल्बम सीडीवर आला तो थेट फेब्रुवारी २००६मध्ये. एवढा काळ एकच मिक्स ऐकलेल्या माणसाला मूळ मिक्स अनोळखी वाटणारच.

हातातली प्रत कोणती हे ओळखणं सोपं आहे. सीडीवर १० गाणी असतील आणि ती २००६च्या आधीची असेल, तर ते रीमिक्स. १३ असतील आणि शेवटची ३ लाइव्ह असतील, तर २००६ची आवृत्ती. एलपीबाबत तर्क आणखी सरळ आहे: १९८७च्या आधी छापलेली कोणतीही एलपी मूळ मिक्सचीच असणार, कारण तोवर दुसरं मिक्स अस्तित्वात नव्हतं. लंडनची मूळ एलपी एक्सपीएस ६३१ या क्रमांकाची आहे. वॉर्नरने पुढे काढलेली बीएसके ३२७०. छापील माहितीवर भरवसा नसेल तर ‘वेटिन फॉर द बस’ लावा, हेडफोन घाला आणि फक्त स्नेअरकडे लक्ष द्या. ठोका पडल्यावर आवाज लगेच मिटला तर मूळ मिक्स. ठोक्यामागे मोठ्या हॉलसारखी शेपटी रेंगाळली तर रीमिक्स. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

आता मूळ मिक्स ‘छोटं’ का वाटतं ते पाहू. आपला मेंदू आवाजाचा आकार बराचसा घुमाऱ्यावरून ठरवतो. घुमारा जास्त म्हणजे जागा मोठी, वादक लांब आणि वाद्यं अवाढव्य. कोरडं मिक्स याच्या उलट सांगतं: तीन माणसं, लहान खोली, हातभर अंतर. शिवाय घुमारा ठोक्यांमधली मोकळी जागा भरून काढतो, त्यामुळे हळू आवाजातही गाणं भरलेलं वाटतं. कोरड्या मिक्सला ती सोय नसते. त्यातच, आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. मग किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि डस्टी हिल यांचा बेस दोन्ही मागे पडतात, उरते ती गिटार आणि थाळ्यांची किणकिण.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: आवाज वाढवा. बसल्या जागी सरासरी ८० डेसिबलच्या आसपास येऊ द्या. मोबाइलवरचं मोजमापाचं अ‍ॅप अंदाजापुरतं पुरतं. अल्बम साडेतेहतीस मिनिटांच्या आतबाहेर आहे, तेवढा वेळ या पातळीने कानाला त्रास होत नाही. शेजाऱ्यांमुळे ते शक्य नसेल तर १०० हर्ट्‌झच्या खालचा खर्ज इक्वलायझरने २ ते ३ डेसिबल वाढवा, त्याहून जास्त नको. त्यापुढे बेस फुगतो आणि किकचा ठोका त्यात बुडतो.

दुसरा भाग खोलीचा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फरशी, उघड्या भिंती आणि काचेची कपाटं असतात. अशी खोली स्वतःचा घुमारा घालते, आणि तो स्टुडिओतल्या घुमाऱ्यासारखा गोड नसतो. टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ ऐकू येतो तो. रीमिक्समध्ये आधीच इतका घुमारा आहे की खोलीचा त्यात लपतो. मूळ मिक्समध्ये तो उघडा पडतो आणि स्नेअर कर्कश वाटते. स्पीकर आणि तुम्ही यांच्यामध्ये जमिनीवर जाड सतरंजी टाका, बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्या आणि बसल्या जागेवरून जिथे स्पीकर दिसेल तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट ठेवा. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान ३० ते ६० सेंटिमीटर पुढे, आणि दोन स्पीकर व तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण. एवढं केल्यावर कोरड्या मिक्सचा फायदा दिसू लागतो. यातलं काहीच जमत नसेल तर चांगल्या हेडफोनवर ऐका, म्हणजे खोलीचा प्रश्नच उरत नाही.

मग तुलना. सीडी प्लेअरमध्ये एक काढून दुसरी घालायची आणि आठवणीवर निकाल द्यायचा, ही पद्धत फसवी आहे. ध्वनीच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. दोन्ही सीडी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या संगणक प्रोग्रॅमने सिक्युअर मोडमध्ये फ्लॅक (दर्जा न घटवणाऱ्या) फाइलमध्ये उतरवून घ्या. फूबार २००० या प्लेअरमध्ये दोन्ही आवृत्त्यांची फक्त पहिली १० गाणी निवडा आणि रीप्लेगेनचं (आवाजाची पातळी मोजून जुळवणाऱ्या सोयीचं) अल्बम स्कॅन करा. लाइव्ह गाणी त्यात घेऊ नका, नाहीतर सरासरी बिघडते. मग प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये अल्बम गेन चालू करा. समजा एका आवृत्तीसमोर उणे ४ आणि दुसरीसमोर उणे ८ आकडा आला, तर दुसरी ४ डेसिबलने मोठी आहे आणि प्लेअर आता ते वजा करेल. हे टाळू नका, कारण १ डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही. तो ‘चांगला’ वाटतो, जास्त उठावदार आणि स्वच्छ वाटतो. पातळी न जुळवता झालेली तुलना म्हणजे निव्वळ आवाजाच्या बटणाची तुलना.

२० ते ३० सेकंदांचे तुकडे घ्या आणि प्रत्येक फेरीत एकाच वाद्याकडे लक्ष द्या. फक्त स्नेअर. मग फक्त बेसच्या तारेवर बोट पडतं तो क्षण. मग गिटार डावीकडे काय करते आणि उजवीकडे काय. मग गळा. सगळं एकदम ऐकायला गेलात की सवयीचा आवाज जिंकतो. फूबारमधली एबीएक्स चाचणी (कोणती फाइल वाजतेय हे न सांगता ओळखायला लावणारी) मात्र या दोन सीडींसाठी काढू नका. मिक्सच वेगळं असल्यामुळे दर वेळी ओळखू येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. तिचा उपयोग एकाच मिक्सच्या दोन मास्टरमध्ये, म्हणजे २००६ची सीडी आणि एखादी हाय-रिझोल्यूशन डाउनलोड यांच्यात. तिथे १६ पैकी निदान १२ वेळा बरोबर ओळखता आलं नाही, तर फरकासाठी पैसे मोजण्याचं कारण नाही.

कुठे काय ऐकायचं ते आता सांगतो, कारण या अल्बमचा नव्याने शोध लागतो तो इथेच.

‘ला ग्रेंज’पासून सुरुवात करा. सुरुवातीला एकटी गिटार, मग स्नेअरच्या कडेवर काठीची टकटक, आणि त्यावर गिटारवादक-गायक बिली गिबन्स यांचं घशातलं पुटपुटणं. हा सगळा बाज ब्लूज गायक जॉन ली हूकर यांच्या १९४८च्या ‘बूगी चिलन’मधून आलेला आहे: एक गिटार, एक आवाज आणि पायाचा ठेका, बाकी काही नाही. (त्या साम्यावरून हूकरच्या गाण्याच्या हक्कदारांनी खटलाही भरला होता, तो वेगळा विषय.) मूळ मिक्समध्ये ही टकटक कोरडी आणि अगदी जवळ आहे, त्यामुळे ती पायाच्या ठेक्याचं काम करते आणि गाणं हूकरच्या वंशातलं आहे हे कानाला कळतं. तिच्यावर घुमारा घातला की ती रंगमंचावरची होते आणि तो धागा तुटतो. मला १९७३चं मिक्स वरचढ वाटतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. अर्ध्या मिनिटानंतर पूर्ण बँड येतो तेव्हाची झेपही बघा. आधीचा भाग लहान आणि कोरडा राहिलेला असतो म्हणूनच ती झेप मोठी वाटते. पुढे सोलोच्या वेळी गाणं ‘ए’मधून ‘सी’मध्ये चढतं, तिथे ड्रम्स गिटारच्या मागे न जाता बरोबरीने ढकलत राहतात का, ते ऐका.

‘जीझस जस्ट लेफ्ट शिकागो’ संथ ब्लूज आहे, १२/८ चालीचा. संथ गाण्यात दोन ठोक्यांमधली शांतता वाद्याइतकीच महत्त्वाची असते. फ्रँक बियर्ड स्नेअर किंचित रेंगाळत वाजवतात, आणि घुमाऱ्याची शेपटी नसली तरच ते रेंगाळणं मोजता येतं. रीमिक्समध्ये ठोका कधी सुरू झाला ते कळतं, पण कधी संपला ते कळत नाही, त्यामुळे लय गुळगुळीत होते. याच कारणाने ‘हॉट, ब्लू अँड राइचस’ मूळ मिक्समध्ये ऐकताना ते गाणं एखाद्या लहान चर्चमधल्या भजनासारखं जवळचं वाटतं. ‘बिअर ड्रिंकर्स अँड हेल रेझर्स’मध्ये हिल आणि गिबन्स आलटून पालटून गातात; दोन गळ्यांतला फरक, एक उंच आणि धारदार तर दुसरा खरखरीत, मूळ मिक्समध्ये जास्त उघडा आहे. ‘शेख’मध्ये तालाची गिटार ऐका, बाकी तिथे फार फरक शोधत बसू नका.

एक तांत्रिक गोष्ट. पहिली दोन गाणी एकमेकांना चिकटलेली आहेत, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. प्लेअरमध्ये गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पाडणं) चालू आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) बंद ठेवा. तिथे क्षणभर जरी तुटलं तरी दुसऱ्या गाण्याची पहिली मात्रा चुकल्यासारखी वाटते, आणि लोक त्याचा दोष रीमास्टरला देतात. २००६च्या सीडीवरची ३ लाइव्ह गाणीही वेगळ्या यादीत टाका. अल्बम ‘हॅव यू हर्ड’वर संपतो; त्यामागोमाग गर्दीचा आवाज आला की ३३ मिनिटांचा घाट बिघडतो.

आता खुद्द रीमास्टरला कशासाठी जबाबदार धरायचं? एकूण स्वर, पातळी आणि लिमिटर, एवढ्यासाठीच. लिमिटर म्हणजे ठरावीक पातळीच्या वर जाणारी टोकं दाबणारं यंत्र. कोरड्या स्नेअरची सगळी ताकद पहिल्या काही मिलिसेकंदांत असते आणि लिमिटर नेमकं तेच खातो. घुमाऱ्याने भरलेल्या स्नेअरची ताकद लांब शेपटीत पसरलेली असते, म्हणून ती दाबूनही बरीचशी उरते. म्हणजे जोरकस मास्टरिंगने कोरड्या मिक्सचं जास्त नुकसान होतं. तुमच्या सीडीवर हे किती झालंय ते डोळ्यांनी पाहता येतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, एखादा जोरात वाजणारा भाग निवडा आणि एकेक लहर दिसेपर्यंत मोठा करा. स्नेअरचं टोक गिटारच्या वर स्पष्ट उभं असेल तर उत्तम. सगळी टोकं एकाच रेषेत कापल्यासारखी असतील तर लिमिटरचं काम आहे. ‘शो क्लिपिंग’ या पर्यायावर विसंबू नका. तो कमाल पातळीला टेकलेले नमुनेच दाखवतो, आणि लिमिटरची रेषा बहुतेकदा त्याच्या जराशी खाली, उणे ०.१ किंवा ०.३ डेसिबलला असते. म्हणून डोळ्यांनी पाहा. २००६ हा मोठ्या आवाजाच्या सीडींचा काळ होता, त्यामुळे हे तपासून बघण्यासारखं आहेच. टोकं थोडी दबलेली दिसली तरी तेवढ्यावरून सीडी टाकून देऊ नका. योग्य मिक्स थोडं दाबलेलं हे चुकीचं मिक्स मोकळं यापेक्षा मला नेहमी जास्त मोलाचं वाटतं.

शांत जागी टेपची सळसळ ऐकू आली तर तो दोष मानू नका. सुरांमध्ये सळसळ आणि सूर थांबताच अचानक पूर्ण शांतता, असं कुठल्या आवृत्तीत ऐकू आलं तर मात्र तिथे नॉइज रिडक्शन (सळसळ पुसण्याची प्रक्रिया) जास्त झालंय, आणि त्याबरोबर झांजांची शेवटची झिळमिळही गेलेली असते.

एलपीबद्दल माझं मत परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्याकडे नीट लावलेला टर्नटेबल असेल तर १९८७पूर्वीची चांगल्या स्थितीतली प्रत शोधण्यात अर्थ आहे. एका बाजूला जेमतेम १७ मिनिटं असल्यामुळे खाचांना ऐसपैस जागा मिळते, म्हणून पातळी आणि बेस दोन्ही चांगले बसतात. ‘ला ग्रेंज’ मात्र दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, म्हणजे आतल्या खाचांकडे सरकलेलं. झिजलेल्या सुईने ते फाटल्यासारखं ऐकू येतं. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात दिलेल्या पट्ट्याच्या मधोमध ठेवा (उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत १.८ ते २.२ ग्रॅमच्या मध्ये, म्हणजे २), आणि जुनी प्रत लावण्याआधी ओली स्वच्छता करून घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कव्हर आणि आतला कागद यांना बुरशी लागते. जुनी प्रत घेताना कव्हरच्या आत नाक घालून वास घ्या. टर्नटेबल नसेल तर केवळ या अल्बमसाठी तो घेऊ नका. तुम्हाला हवं असलेलं मिक्स तुमच्या हातातल्या सीडीवर आहे.

स्ट्रीमिंगवर ऐकायचं असेल तर कोणतं मिक्स आहे ते वर सांगितलेल्या स्नेअरच्या चाचणीने पाहा, कारण तिथली आवृत्ती न सांगता बदलू शकते. पातळी जुळवणारा पर्याय चालू राहू द्या. स्पॉटिफायवर तो नेहमीच्या सेटिंगला उणे १४ लफ्सच्या (सरासरी जाणवणारा आवाज मोजायच्या एककाच्या) आसपास आणतो आणि घाईत केलेल्या तुलनेलाही थोडी शिस्त येते.

जुनी सीडी ठेवायची का? ठेवा. ते रीमिक्स आता नव्याने सहजी मिळत नाही आणि १९८७ साली जुना ब्लूज-रॉक कसा ऐकवला जात होता याचा तो पुरावा आहे. तुम्हाला ते आवडत असेल तर त्यात चूक काही नाही, फक्त मूळ मिक्सला सलग आठवडाभर फक्त त्याचंच ऐकून संधी द्या, मध्ये जुनी लावू नका. सवय मोडायला तेवढा वेळ लागतो.

आणि संग्रहात या बँडचे आणखी जुने अल्बम असतील तर तेही तपासा. ‘सिक्स पॅक’मध्ये पहिला अल्बम, ‘रिओ ग्रांदे मड’, ‘त्रेस ओम्ब्रेस’, ‘फँडँगो!’, ‘तेहास’ आणि ‘एल लोको’ हे सहा होते; ‘देग्वेयो’ त्यातून सुटला, म्हणून त्याची जुनी सीडी निर्धास्तपणे ऐका. ‘फँडँगो!’ २००६मध्येच ‘त्रेस ओम्ब्रेस’बरोबर सुधारून आला. बाकीच्यांसाठी २०१३चा १० अल्बमचा संच बघा, त्यात १९७० ते १९९०चे स्टुडिओ अल्बम मूळ मिक्समध्ये आहेत. एकेक सुटी जुनी सीडी गोळा करण्यापेक्षा तो संच बहुतेकदा स्वस्त पडतो.